टॉवेल-युनिफॉर्मच्या कारखान्याने क्लाउडवर काय न्यावं आणि काय जागेवरच ठेवावं

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल आणि शाळेच्या युनिफॉर्मचा कारखाना आहे, चाटी गल्लीत दुकान आहे. एकूण १४ संगणक, त्यांतल्या ६ जणांचं काम टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर. सर्व्हर सहा वर्षांचा झाला आहे. डिझाइन, पॅटर्न आणि मालाचे फोटो मिळून ३०० जीबी डेटा आहे. नवा सर्व्हर, विंडोजचा परवाना आणि यूपीएस यांचं कोटेशन २ लाख ४० हजारांचं आलं. दुसरा पुरवठादार म्हणतो, "सगळं क्लाउडवर टाका, महिना १८ हजार अधिक जीएसटी." क्लाउड म्हणजे नेमकं काय, आणि यातलं काय करावं?

सगळं टाकू नका. ईमेल आणि रोजच्या फायली क्लाउडवर न्या. बॅकअप तर या आठवड्यातच न्या, त्यासाठी बाकी काही ठरायची वाट पाहू नका. टॅलीचा निर्णय हिशेब मांडून घ्या. माग, सीसीटीव्ही, वजनकाटा, बारकोडचं प्रिंटर आहे तिथेच राहू द्या. आणि काहीही नेण्याआधी एक गोष्ट पक्की करा: क्लाउडचं खातं, डोमेन (फर्मचं इंटरनेटवरचं नाव) आणि मुख्य पासवर्ड तुमच्या फर्मच्या नावावर असले पाहिजेत, पुरवठादाराच्या नाही. छोट्या धंद्यांचे क्लाउडवरचे बरेच घोळ यंत्रांमुळे होत नाहीत, या एका गोष्टीमुळे होतात.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधली यंत्रं, जागा आणि सॉफ्टवेअर, जितकं वापराल तितक्या भाड्याने. अमेझॉनने २००६ मध्ये साठवणुकीची एस-थ्री आणि सर्व्हर भाड्याने देणारी ईसी-टू सेवा सुरू केली तेव्हापासून हा धंदा आजच्या स्वरूपात आला. पुरवठादार "क्लाउड" या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकतात, त्यामुळे कोटेशन हातात घेताना फरक माहीत हवा. पहिल्या प्रकारात नुसती शेड भाड्याने मिळते; माग तुमचे, सूत तुमचं, मोडतोड तुमची. हा क्लाउडवरचा कोरा सर्व्हर. दुसऱ्या प्रकारात माग बसवलेले असतात, तुम्ही सूत आणि डिझाइन द्यायचं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपन्या हा वापरतात, तुम्हाला सध्या त्याची गरज नाही. तिसऱ्यात तयार चादर विकत घ्यायची: गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो बुक्स ही त्यातली नावं. पहिल्या प्रकारात विंडोज अपडेट करणं, अँटिव्हायरस, बॅकअप, कोणाला किती अधिकार हे सगळं तुमच्याकडे राहतं. तिसऱ्यात यंत्रं आणि सॉफ्टवेअर कंपनी सांभाळते, पण पासवर्ड, अधिकार आणि चुकून पुसलेला डेटा इथेही तुमच्याच गळ्यात. "क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आपोआप होतो" हे वाक्य ऐकलं की बॅकअप कुठे आहे ते दाखवायला सांगा.

आता १८ हजारांचा हिशेब. जीएसटी धरून ते २१,२४० होतात. जीएसटीचं क्रेडिट मिळतं म्हणून सध्या १८ हजारच धरू. वर्षाला २ लाख १६ हजार. म्हणजे नव्या सर्व्हरची किंमत तेरा-चौदा महिन्यांतच गाठली. पण सर्व्हरची खरी किंमत कोटेशनवर नसते. पाच वर्षांत विभागले तर २ लाख ४० हजारांचे महिना ४ हजार. सर्व्हर २०० वॅट खात असेल आणि चोवीस तास चालू असेल तर महिन्याला १४४ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर १,४४०. वर देखभालीचा करार, यूपीएसच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांनी, आणि सर्व्हरच्या खोलीचा एसी. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा हा एसी चैनीसाठी नसतो. त्यात माग जवळ असतील तर कापसाची तंतू-धूळ पंख्यांत आणि पॉवर सप्लायमध्ये बसते, हवा अडते, यंत्र तापतं आणि नेमका हार्ड डिस्कवर परिणाम होतो. कारखान्यातला सर्व्हर ऑफिसातल्या सर्व्हरपेक्षा लवकर मरतो तो यामुळे. सगळं धरून स्वतःचा सर्व्हर महिना ७ ते ९ हजारांत पडतो.

तेच काम क्लाउडवर किती? ६ जणांच्या टॅलीला २ कोअर आणि ८ जीबी मेमरीचा विंडोज सर्व्हर सहसा पुरतो. मोठ्या कंपन्यांच्या मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये असा सर्व्हर महिनाभर, म्हणजे ७३० तास, चालू ठेवला तर साधारण साडेसात हजार रुपये. १०० जीबी डिस्क आठशेच्या आसपास, बॅकअपच्या प्रती पाचशे, सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, तीनशे. इथपर्यंत ९ हजार. मग येतो तो भाग, जो बहुतेक कोटेशनमध्ये दिसतच नाही: विंडोज सर्व्हरवर दुरून एका वेळी दोनच जण बसू शकतात, तेही देखभालीसाठी. ६ जणांना रोज काम करायचं तर प्रत्येकामागे रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून सर्व्हरचा पडदा वापरण्याचा, वेगळा परवाना लागतो. तो महिन्याला माणशी ८०० ते ९०० रुपये धरा, म्हणजे पाच हजारांची भर. एकूण १४ हजार. तेव्हा १८ हजार ही लूट नाही. चार हजारांत तो देखभाल, पाहणी आणि फोनला उत्तर देणार असेल तर भाव ठीक आहे. पण तसं लेखी हवं. उलट कोणी हेच काम ६ हजारांत देतो म्हणाला, तर परवान्यांचं काय ते विचारा. काही ठिकाणी एक जुगाड फाइल टाकून दोन माणसांची मर्यादा तोडतात. ते बेकायदेशीर तर आहेच, पण विंडोजच्या पुढच्या अपडेटला ती फाइल चालत नाही आणि महिनाअखेरीला सकाळी सगळ्यांचं लॉगिन बंद असतं. टॅलीचंही तसंच: सिल्व्हर परवाना एका माणसाचा, एका सर्व्हरवर सहा जण बसवायचे तर गोल्ड हवा.

भाड्याचा खरा फायदा बंद ठेवण्यात आहे. सर्व्हर फक्त १० तास, महिन्याचे २६ दिवस चालू ठेवला तर ७३० ऐवजी २६० तासांचंच भाडं लागतं: साडेसात हजारांचे पावणेतीन हजार होतात. सकाळी ९ला आपोआप चालू आणि संध्याकाळी ७ला बंद असं वेळापत्रक लावता येतं. डिस्कचं भाडं मात्र बंद असतानाही चालूच राहतं, हे विसरू नका. आणि तो राखून ठेवलेला आयपी पत्ताही फुकट नसतो. पुरवठादार ठरावीक मासिक रक्कम घेत असेल तर ही बचत त्याच्या खिशात जाते, म्हणून सर्व्हर चोवीस तास लागतो का हे आधी ठरवा. एक किंवा तीन वर्षांची बांधिलकी दिली की दर उतरतात, पण पहिले तीन महिने ती देऊ नका. नक्की केवढा सर्व्हर पुरतो हे त्या तीन महिन्यांतच कळतं.

युनिफॉर्मच्या धंद्याला आणखी एक फायदा आहे. शाळांच्या ऑर्डरी फेब्रुवारीपासून जूनपर्यंत भरभरून येतात, पुढे ओसरतात. शाळांना मापं आणि ऑर्डर भरायला एखादं संकेतस्थळ चालवायचं असेल तर स्वतःचा सर्व्हर मे महिन्याच्या गर्दीइतका मोठा घ्यावा लागतो आणि उरलेले सात-आठ महिने तो रिकामा तापतो. क्लाउडवर चार-पाच महिने मोठा, बाकी लहान. टॅलीला हा फायदा फारसा नाही. तिचं काम बाराही महिने सारखंच.

टॅलीबद्दल एक धोक्याची सूचना, कारण हा प्रकार गावागावांत चालतो. टॅलीचं डेटा फोल्डर गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून "क्लाउड टॅली" केली म्हणतात. करू नका. टॅली एकाच वेळी अनेक फायलींत लिहिते. ड्राइव्हचं सॉफ्टवेअर त्या फायली आपल्या गतीने, एकेक करून वर पाठवतं. दुकानात आणि कारखान्यात दोघांनी एकाच वेळी टॅलीतली कंपनी, म्हणजे फर्मची हिशेबवही, उघडली की एका फायलीची कारखान्याची प्रत वर जाते, दुसरीची दुकानाची, आणि दोन्हींचा ताळमेळ तुटतो. कधी ड्राइव्ह दुसरी प्रत वेगळ्या नावाने ठेवतं, कधी निमूट एक टाकून देतं. दुकानाच्या सहा तासांच्या नोंदी गेल्या हे पार्टीच्या खात्यात फरक निघाल्यावर, म्हणजे महिन्याने कळतं. टॅली दुरून वापरायचीच तर ती एकाच सर्व्हरवर चालली पाहिजे, लोकांनी फक्त तिचा पडदा बघितला पाहिजे. हे क्लाउडवरच्या विंडोज सर्व्हरने होतं. टॅली बनवणाऱ्यांचीही एडब्ल्यूएसवर, म्हणजे अमेझॉनच्या क्लाउडवर, चालणारी स्वतःची सेवा आहे. टॅलीचा रोजचा बॅकअप या ड्राइव्हवर टाकायला मात्र काहीच हरकत नाही.

दुरून बसायची वाट कशी ठेवायची, हे सर्वांत महत्त्वाचं. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या दारावर, चालतो. तो पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवला की जगभरातून पासवर्ड चाचपणारे प्रोग्रॅम काही तासांत येऊन धडकतात. पोर्टचा क्रमांक बदलून फारसा फरक पडत नाही, ते दुसरे क्रमांकही तपासतात. पासवर्ड "फर्मचं नाव अ‍ॅट १२३" असा असेल तर आत शिरायला आठवडाही लागत नाही, आणि मग सगळ्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारी चिठ्ठी पडद्यावर दिसते. उपाय सोपा आहे: आधी व्हीपीएन (इंटरनेटमधून फर्मपुरती बंदिस्त वाट), त्यावर मोबाइलचा कोड, मग रिमोट डेस्कटॉप. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं काही वेळ बंद. सहा जणांना सहा वेगळी नावं. सगळ्यांनी "अ‍ॅडमिन" म्हणून बसायचं नाही. पुरवठादाराला एकच प्रश्न विचारा: "३३८९ उघडा आहे का?" उत्तर देताना तो अडखळला तर काम दुसऱ्याला द्या.

छपाईत सुरुवातीला त्रास होतो, तो धरूनच चाला. चलान डॉट मॅट्रिक्सवर निघत असतील तर दुरून पाठवलेली अक्षरं लहान-मोठी होतात किंवा ओळी सरकतात, कारण सर्व्हरवर त्या प्रिंटरचं नेमकं ड्रायव्हर नसतं. शक्य असेल तिथे लेझर आणि ए-फोर किंवा ए-फाइव्हवर या. बारकोडची लेबलं दुरून छापूच नका. चित्र म्हणून येतात, हळू येतात आणि बार पुसट झाले की वाचक मशीन वाचत नाही. लेबलांचं सॉफ्टवेअर स्थानिक संगणकावर ठेवा, त्याला फक्त वस्तूंची यादी क्लाउडवरून द्या. सहीचं डिजिटल टोकनही, म्हणजे ती यूएसबी, दुरून नेहमी ओळखलं जात नाही. सही लागणारी कामं एका ठरलेल्या स्थानिक संगणकावर करा.

मागांबद्दल एकच नियम. मागावर नक्षी विणणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला डिझाइन पेन ड्राइव्हने किंवा कारखान्याच्या अंतर्गत नेटवर्कने जातं. ते तसंच राहू द्या. डिझाइनची मूळ प्रत क्लाउडवर, चालू आठवड्याची प्रत मागाशेजारच्या संगणकावर. इंटरनेट गेलं म्हणून माग थांबता कामा नये. सूत तोलायचा वजनकाटा, कामगारांच्या हजेरीचं यंत्र यांनाही हाच नियम. सीसीटीव्ही क्लाउडवर टाकायचा मोह टाळा. ८ कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस धरले तर १६ एमबीपीएसची अपलोड रात्रंदिवस जाते आणि महिन्याला ५ टीबीच्या वर डेटा साठतो. कॅमेऱ्यांची नोंद जागेवरच्या रेकॉर्डरमध्येच बरी.

इंटरनेट. जाहिरातीतला "१०० एमबीपीएस" हा बहुतेक डाउनलोडचा आकडा असतो. क्लाउडला अपलोड लागतो. स्पीड टेस्ट लावून दुसरा आकडा बघा, तोही दुपारी ४ला, रात्री नाही. अपलोड २५ एमबीपीएस असेल तर ३०० जीबी वर चढायला पूर्ण वेगाने सुमारे २७ तास लागतात. प्रत्यक्षात दिवसा कामाला जागा ठेवून फक्त रात्री चढवायचं तर चार-पाच रात्री. रिमोट डेस्कटॉपला एका माणसाला फार वेग लागत नाही, पण अंतर आणि स्थिरता लागते. मायक्रोसॉफ्टचं एक डेटा सेंटर क्षेत्र पुण्यात आहे, अमेझॉनची मुंबईत आणि हैदराबादला, गूगलची मुंबईत आणि दिल्लीत. सोलापूरहून पुणे-मुंबई-हैदराबाद यांतलं काहीही चालेल. सर्व्हर अमेरिकेत घेतला तर पाव-पाव सेकंद कळ दाबल्यावर अक्षर उमटायला लागतं आणि हिशेबनीस दोन दिवसांत जुन्या सर्व्हरची मागणी करतो. खातं उघडताना क्षेत्र आपोआप अमेरिकेचं धरलेलं असू शकतं, ते तपासा.

दोन इंटरनेट जोडण्या हव्याच, आणि त्या दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या हव्यात. दोन कंपन्यांच्या तारा एकाच खांबावरून येत असतील तर रस्ता खोदणाऱ्या जेसीबीच्या दृष्टीने ती एकच तार आहे. एक फायबर आणि एक ४जी किंवा ५जीचं सिम, दोन्ही एका राउटरमध्ये, एक गेली की दुसरी आपोआप. रिमोट डेस्कटॉपपुरतं मोबाइलचं नेट भागतं. आणि राउटर, फायबरचं डबं आणि स्विच या तिन्ही गोष्टी यूपीएसवर हव्यात. संगणक यूपीएसवर आणि राउटर भिंतीच्या सॉकेटवर ही चूक फार ठिकाणी असते. "नेट गेलं तर बिल कसं करायचं" ही भीती रास्त आहे, पण ई-वे बिलासाठी, आणि वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इनव्हॉइससाठीही, नेट आजही लागतंच. म्हणजे दुसऱ्या जोडणीचा खर्च क्लाउडच्या माथी मारू नका.

बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक गावाबाहेर, हा जुना नियम अजूनही पुरतो. तुमच्यासाठी: एक चालू डेटा, दुसरी कारखान्यातल्या डिस्कवर, तिसरी क्लाउडच्या साठवणुकीत. तिसरीला दोन गोष्टी लावा. जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय, आणि ठरावीक दिवस कोणालाही, अगदी तुम्हालाही, पुसता येणार नाही असं कुलूप. ३० दिवसांचं कुलूप ठेवलं की खंडणीखोर आत शिरला तरी ही प्रत त्याच्या हाती लागत नाही. साधं सिंक, म्हणजे फाइल बदलली की तीच आपोआप वर जाणं, हा बॅकअप नव्हे: फाइल कुलूपबंद झाली की कुलूपबंद फाइलच वर जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस फाइल राहते, कंपनीच्या वनड्राइव्हमध्ये ९३. हिशेबाच्या वह्यांना हे पुरेसं नाही. जीएसटीच्या कायद्याने वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने त्या ठेवाव्या लागतात. फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायद्याने ८ वर्षं, आणि २०२२च्या नियमांप्रमाणे वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज असला पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून अशा कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंदही चालू लागते. सीएला विचारून हा मुद्दा पुरवठादाराच्या करारात घाला.

टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या, लोक बाहेर पडल्यावर. चालू असताना डिस्कचा फोटो काढल्यासारखी प्रत घेतली तर अर्धवट लिहिलेली नोंद त्यात अडकू शकते. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून कंपनी उघडा, तेरीजपत्रक आणि शेवटच्या बिलाचा नंबर मूळ डेटाशी ताडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. हे काम पुरवठादाराला नव्हे, तुमच्या हिशेबनिसाला द्या.

"९९.९ टक्के चालू" या हमीचा अर्थ ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद, ९९.९९ म्हणजे सव्वाचार मिनिटं. पण अमेझॉनची एका सुट्या सर्व्हरची हमी ९९.५ टक्के आहे. त्यात महिन्याला ३ तास ३६ मिनिटं बंद राहणं बसतं. हमी मोडली तर भाड्यातली सूट मिळते, थांबलेल्या धंद्याची भरपाई नाही. तुमच्या प्रमाणाला हे चालून जातं. जास्त हमी म्हणजे दोन सर्व्हर, दुप्पट भाडं. टॅलीसाठी त्याची गरज नाही.

बिलात आश्चर्याचे धक्के तीन ठिकाणांहून येतात. डेटा वर चढवणं सहसा फुकट, खाली उतरवणं पैशांचं: अमेझॉनकडे महिन्याला पहिले १०० जीबी मोफत, पुढे मुंबईतून जीबीला साधारण ११ सेंट. ३०० जीबी एकदम उतरवले तर दोन हजारांच्या आसपास, म्हणजे जीवघेणं नाही, पण रोज फोटोंचं फोल्डर कोणी उतरवत असेल तर आहे. दुसरं, चाचणीसाठी घेतलेला आणि विसरलेला सर्व्हर. तिसरं, सर्व्हर पुसला तरी मागे राहिलेल्या डिस्क आणि त्यांच्या प्रती. खात्यात पहिल्याच दिवशी मासिक मर्यादेचा इशारा लावा: ५० टक्क्यांना एक मेल, ८० टक्क्यांना दुसरा. इशारा खर्च थांबवत नाही, फक्त सांगतो, म्हणून तो वाचणारा माणूस ठरलेला हवा.

खात्यात जीएसटी क्रमांक लगेच भरा, नाहीतर बिल त्याशिवाय निघतं आणि १८ टक्क्यांचं क्रेडिट हातचं जातं. कार्डाने पैसे जात असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १५ हजारांवरचं आपोआपचं शुल्क ओटीपीशिवाय कापलं जात नाही. बिल १५,४०० झालं, ओटीपीचा मेसेज कोणी पाहिला नाही, आणि काही आठवड्यांत सेवा थांबल्याची सूचना. रक्कम त्या सीमेजवळ असेल तर बँकेतून थेट भरण्याची सोय मागून घ्या.

खात्याच्या मालकीचं आता सविस्तर. क्लाउडचं मुख्य खातं ज्या ईमेलवर उघडतात त्याच्या हाती सगळं असतं. तो ईमेल संगणकवाल्याच्या जीमेलचा असेल तर तुमचा डेटा कागदावर त्याचा आहे, मग तो कितीही सज्जन असो. मेल फर्मचा हवा, मोबाइल मालकांचा हवा, पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसरा कोड दोन फोनवर हवा आणि फोन हरवला तर लागणारे परतीचे कोड छापून तिजोरीत. पुरवठादाराला कामापुरतं वेगळं लॉगिन द्या, जे एका क्लिकमध्ये बंद करता येईल. डोमेनही तुमच्या नावावर आहे ना ते तपासा. ते नूतनीकरणाअभावी संपलं की मेल बंद, मेल बंद की क्लाउडचे ओटीपी बंद, अशी साखळी लागते. म्हणून मुख्य खात्याचा परतीचा ईमेल त्याच डोमेनवर ठेवू नका. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच संध्याकाळी त्याचं लॉगिन बंद करायचं, हे काम कोणाचं ते लिहून ठेवा.

करारात चार ओळी पुरतात. डेटा फर्मचा आहे. मागितल्यापासून सात दिवसांत टॅलीचं पूर्ण फोल्डर आणि डिस्कची प्रत विनामोबदला मिळेल. सेवा बंद करण्याआधी ३० दिवसांची लेखी सूचना. डेटा भारतातच राहील. झोहोसारखी तयार सेवा घेत असाल तर नोंदी एक्सेलमध्ये निघतात, पण बिलांना जोडलेले स्कॅन वेगळे उतरवावे लागतात. तेही आधी करून बघा. कामगारांच्या आधारच्या प्रती एखाद्या "लिंक असलेल्या कोणालाही दिसेल" अशा फोल्डरमध्ये असतील तर आजच ते बंद करा. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्यांची जबाबदारी फर्मवर टाकली आहे. खातं फोडलं गेलं तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवायचं असतं, हेही संगणक पाहणाऱ्याला ठाऊक हवं.

एक बारीक पण हमखास अडचण: जुनी मराठी पत्रं, कोटेशनं, लेबलांचा मजकूर श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो फॉन्ट नसलेल्या जागी, म्हणजे ब्राउझरमध्ये, त्याचं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं. फाइल बिघडलेली नसते. नेहमी लागणारे वीस-पंचवीस नमुने आधी सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या युनिकोडमध्ये करून घ्या, बाकीचे लागतील तसे.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात बॅकअपची क्लाउडवरची प्रत. पुढच्या महिन्यात ईमेल आणि फायली. मग एक महिना दुकानातल्या दोघांनाच क्लाउडवरच्या टॅलीत चाचणीच्या कंपनीवर बसवा आणि छपाई, वेग, सिमवरचं नेट हे सगळं बघा. पटलं तरच सहाही जण. हे फेब्रुवारी ते जून या हंगामात करू नका आणि मार्चअखेरीला तर अजिबात नाही. जुलै-ऑगस्ट बरा. महिन्याच्या ११ आणि २० तारखेची जीएसटीची विवरणं भरून झाली की २१ नंतरच्या साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी डेटा हलवा. जुना सर्व्हर लगेच भंगारात देऊ नका: नेटवर्कची तार काढून दोन विवरणं भरून होईपर्यंत तसाच ठेवा, आणि देताना त्यातली डिस्क काढून घ्या.